क्लोराइड पाण्यात सुटतं तेव्हा ऊर्जेचा हिशेब कसा बसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात बीएस्सीला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीनं थर्मासमध्ये वेगवेगळी क्लोराइडं विरघळवून तापमान मोजलं. पोटॅशियम क्लोराइडनं पाणी गार झालं, कॅल्शियम क्लोराइडनं चांगलंच तापलं आणि साध्या मिठानं फारसा फरकच पडला नाही. तिचं विचारणं असं: तिन्ही ठिकाणी धातू आणि क्लोराइड यांचा बंध तुटतोच, मग तो तोडायला लागणारी ऊर्जा येते कुठून? आणि एका ठिकाणी ती उलट बाहेर कशी पडते? शिवाय फेरिक क्लोराइडच्या द्रावणात निळा लिटमस लाल होतो. त्या क्षारात हायड्रोजनच नाही, तर आम्ल आलं कुठून?

तुम्ही आधी मोजलंत आणि मग विचारलंत, याचा मला फार आनंद झाला. मी काही वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि नंतर शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचं पाणी आणि प्लेटिंगची द्रावणं तपासण्यात रमलो. या कामात एक गोष्ट मनावर पक्की ठसली. ‘आयनिक क्षार पाण्यात पूर्ण विचरित होतात’ (म्हणजे त्यांचे आयन सुटे होतात) हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य सोडियमपुरतं ठीक आहे, पण धातू बदलला की ते दिशाभूल करतं. पाणी स्वतः या अभिक्रियेत भाग घेतं, हे एकदा नीट धरलं की तुमचे सगळे प्रश्न एकाच जागी येऊन सुटतात.

आधी मीठ घेऊ. मिठाच्या खड्यात ‘सोडियम क्लोराइडचा रेणू’ असा काही नसतोच. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम असं जालक असतं, आणि त्यात सगळे आधीपासूनच आयन असतात. पाणी आयन तयार करत नाही, असलेले आयन वेगळे करतं. पण हे वेगळं करणं अजिबात स्वस्त नाही. एक मोल, म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ निर्वात जागेत सुट्या आयनांमध्ये पसरवायचं तर ७८७ किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत २५ अंशांचं अडीच लिटर पाणी उकळीला येईल. हीच ती जालक ऊर्जा, आणि तुमचा पहिला प्रश्न हिच्याबद्दल आहे.

ही ऊर्जा पाणी भागवतं. सोडियम आयन सुटला की पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू त्याच्याकडे करून त्याला वेढतात, क्लोराइडकडे हायड्रोजनची बाजू करतात. या वेढण्याला जलयोजन म्हणतात आणि त्यात ऊर्जा बाहेर पडते: सोडियमसाठी मोलमागे साधारण ४०६ किलोज्यूल, क्लोराइडसाठी ३७८. बेरीज ७८४. लागले ७८७, मिळाले ७८४, म्हणजे तीन कमी पडले. कॅलरीमापीत, म्हणजे उष्णता मोजायच्या उपकरणात, प्रत्यक्ष मोजलेला आकडा ३.९ आहे. जालक आणि जलयोजनाचे आकडे पुस्तकागणिक थोडे बदलतात, म्हणून तीन आणि चार यांच्यातला फरक मनावर घेऊ नका. ती उणीव पाण्याच्या स्वतःच्या उष्णतेतून भरली जाते आणि पाणी जरासं गार होतं. इतकं जरासं की तुमच्या थर्मामीटरला ते जेमतेम कळलं असेल.

साखर कारखान्याच्या ताळेबंदात कोट्यवधींची आवकजावक होते आणि शेवटी नफातोटा किरकोळ निघतो, तसाच हा प्रकार आहे. दोन्ही बाजूंचे आकडे प्रचंड आणि तुम्ही मोजता ती त्यांची वजाबाकी. जालक ऊर्जेत एक टक्का इकडचं तिकडं झालं तरी उत्तराचं चिन्ह बदलतं. म्हणूनच कोणता क्षार पाणी तापवेल आणि कोणता गार करेल, हे नुसतं आयनांचे आकार पाहून छातीठोक सांगता येत नाही. तिथं थर्मामीटरच घालावा लागतो.

पोटॅशियमचा हिशेब हाच, फक्त वजाबाकी मोठी. जालक ७१७, जलयोजन ३२२ अधिक ३७८ म्हणजे ७००, उणीव १७. मोजलेला आकडा १७.२. आपल्या भागात उसाला ठिबकमधून पांढरं पोटॅश देणाऱ्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. बॅरलमध्ये पोटॅश ढवळलं की बॅरल बाहेरून गार लागतं, दमट दिवस असेल तर त्यावर दवही धरतं. दहा लिटर पाण्यात एक किलो पोटॅश म्हणजे साधारण १३.४ मोल. त्याला १७.२ नं गुणलं की २३० किलोज्यूल होतात, म्हणजे पाणी साडेपाच अंशांच्या आसपास उतरतं. थंड पाण्यात पोटॅश हळू आणि कमी विरघळतं, म्हणून सगळं एकदम ओतण्यापेक्षा थोडं थोडं टाकून ढवळत राहावं. तळाशी खडे राहतात ते बहुतेक वेळा या गारव्यामुळेच, आणि शेतकरी मात्र माल भेसळीचा समजतो.

आता खरा अवघड मुद्दा. ऊर्जा कमी पडत असताना मीठ विरघळतंच का? इथं एन्ट्रॉपी येते, म्हणजे विस्कळीतपणाचं माप. मुक्त ऊर्जेतला बदल म्हणजे एन्थाल्पीतला (आतापर्यंत मोजलेल्या उष्णतेतला) बदल वजा तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल. तो ऋण आला तर प्रक्रिया आपसूक घडते. मिठासाठी एन्ट्रॉपी मोलमागे आणि केल्विनमागे ४३ ज्यूलनं वाढते. तिला २९८ नं गुणलं की जवळपास १३ किलोज्यूल. ३.९ मधून १२.९ गेले, उरले उणे ९. पोटॅशियम क्लोराइडला १७.२ वजा २२.८, म्हणजे उणे साडेपाचच्या आसपास. दोन्ही विरघळतात, आणि दोन्हींना एन्ट्रॉपीनं तारलं.

इथपर्यंत बहुतेक वर्गांत शिकवतात. यापुढे एक चूक घट्ट बसते: ‘आयन मोकळे झाले, म्हणजे अव्यवस्था वाढली, म्हणजे विरघळताना एन्ट्रॉपी नेहमी वाढते.’ आकडे बघा. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना एन्ट्रॉपी ४५ नं कमी होते. मॅग्नेशियम क्लोराइडला ११५ नं कमी होते. ॲल्युमिनियम क्लोराइडला तर २६२ नं. मोकळे झालेले आयन सोडियमपेक्षा जास्त आहेत, तरी एन्ट्रॉपी घसरते, कारण पाणी बांधलं जातं. सोडियमभोवतीचा पाण्याचा रेणू नॅनोसेकंदाच्या आतबाहेर जागा सोडून जातो. ॲल्युमिनियमवर तीन प्रभार आहेत आणि तो आकारानं लहान. त्याच्याभोवतीचे सहा रेणू घट्ट बसतात आणि एकेक रेणू सेकंदाच्या मापात टिकतो. त्या सहांच्या पलीकडच्या थरालाही शिस्त लागते. आयन जेवढं स्वातंत्र्य मिळवतात त्याहून जास्त पाणी गमावतं.

मग हे क्षार विरघळतात कसे? एन्थाल्पीच्या बळावर. कॅल्शियम क्लोराइड ८१ किलोज्यूल बाहेर टाकतं, मॅग्नेशियमचं १६०, निर्जल ॲल्युमिनियमचं ३२८. ८१ मधून एन्ट्रॉपीचे १३ वजा झाले तरी ६८ किलोज्यूल हाताशी राहतात. मीठ एन्ट्रॉपीमुळे विरघळतं आणि एन्थाल्पी किंचित आड येते. कॅल्शियम क्लोराइडचं नेमकं उलट आहे. बाहेरून दोन्ही ‘पांढरी पूड पाण्यात गेली’ इतकंच दिसतं.

तुमच्या कॅल्शियम क्लोराइडच्या मोजणीबद्दल एक व्यवहारातली गोष्ट सांगतो, कारण इथं हमखास गणित चुकतं. बाटलीवर काय लिहिलंय ते पाहा. निर्जल असेल तर १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात टाकल्यावर तापमान सतरा अंशांच्या आसपास चढायला हवं. पण बाजारात पुष्कळदा मिळतात त्या पापड्या, आणि त्यात प्रत्येक कॅल्शियममागे सुमारे दोन पाणी आधीच बसलेलं असतं. त्याचं मोलमागे ४५ किलोज्यूलच मिळतात, आणि मोलचं वजनही १११ ऐवजी १४७. मग तेच १०० ग्रॅम फक्त सात अंश चढवतात. आणि सहा पाण्याचा स्फटिक घेतला तर पाणी चक्क गार होतं, कारण जलयोजनाची बहुतेक कमाई त्यानं विरघळण्याआधीच खर्च केलेली असते. तो मोलमागे जवळपास १६ किलोज्यूल शोषतो.

याच्यातच दुसरं एक कोडं सुटतं. नियम सांगतो की उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या, विरघळण्याला तापमान वाढलं की उतरती कळा लागते. मग कॅल्शियम क्लोराइड गरम पाण्यात जास्त का विरघळतं? शंभर मिलिलिटर पाण्यात शून्य अंशाला साठ ग्रॅमच्या आत, वीस अंशाला चौऱ्याहत्तरच्या पुढे. कारण त्या तापमानाला संपृक्त, म्हणजे आणखी क्षार न मावणाऱ्या, द्रावणाच्या तळाशी समतोलात असतो तो निर्जल क्षार नव्हे, सहा पाण्याचा स्फटिक. समतोलाचा नियम त्याच्या उष्णतेवर चालतो, आणि ती उष्माग्राही आहे, म्हणजे शोषली जाते. नियम बरोबरच आहे, आपण तो चुकीच्या घनाला लावत असतो.

आपल्या पावसाळ्यात हे घराघरात दिसतं. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि जून ते सप्टेंबर ती मर्यादा आपल्याकडे सहज ओलांडली जाते. खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि त्याला ३३ टक्केच पुरेत, म्हणून ते आधी पाझरतं. कॅल्शियम क्लोराइडचा डबा उघडा राहिला तर त्याचं पाणीच होतं.

आता न विरघळणारं क्लोराइड. त्यासाठी हुपरीला जाऊ. तिथल्या चांदीच्या कामात राहिलेला चुरा शुद्ध करायची जुनी पद्धत अशी: चुरा तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात विरघळवायचा आणि मिठाचं पाणी ओतायचं. दह्यासारखा पांढरा साका तळाला बसतो, तांबं वर निळ्या पाण्यात राहतं. साका म्हणजे सिल्व्हर क्लोराइड. उजेडात ठेवलं की ते जांभळट, मग करडं पडतं.

याचा हिशेब मला रसायनशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर हिशेबांपैकी एक वाटतो. चांदीच्या आयनाची त्रिज्या १.१५ अँगस्ट्रॉम, सोडियमची १.०२, पोटॅशियमची १.३८. म्हणजे नुसत्या आकारावरून सिल्व्हर क्लोराइडची जालक ऊर्जा ७८७ आणि ७१७ यांच्या मध्ये कुठंतरी पडायला हवी. प्रत्यक्षात ती ९१६ आहे. हा वरचा भाग कुठला? चांदी आणि क्लोराइड यांच्यात नुसतं प्रभारांचं आकर्षण नाही, इलेक्ट्रॉनांची भागीदारीही आहे. पाणी चांदीला सोडियमपेक्षा जास्त देतं, ४७३, तरी क्लोराइडचे ३७८ धरून बेरीज ८५१ होते. उणीव ६५. एन्ट्रॉपीकडून जेमतेम १० मिळतात. मुक्त ऊर्जेतला बदल ५५.७ किलोज्यूल, आणि तो धन. त्यावरून विद्राव्यता गुणाकार (संपृक्त द्रावणातल्या दोन्ही आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार) काढला तर तो १.८ भागिले १० अब्ज येतो, अगदी कोष्टकात छापलेला. लिटरभर पाण्यात दोन मिलिग्रॅमसुद्धा सिल्व्हर क्लोराइड मावत नाही.

हेच आकडे कारागिराच्या पैशांचं रक्षण करतात. प्रक्रिया ६५ किलोज्यूल शोषते, म्हणजे तापमान वाढलं की विद्राव्यता वाढणार. ५० अंशांना ती लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर जाते. म्हणून आम्लानं तापलेलं द्रावण गार होऊ द्यावं, मगच वरचं पाणी ओतून टाकावं. चांदी पूर्ण उतरली का हे पाहायचं तर वरचं नितळ पाणी थोडं वेगळं घेऊन त्यात मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा. दुधाळ झालं तर चांदी अजून शिल्लक आहे. नाही झालं तर थांबायचं. ‘जास्त मीठ टाकलं म्हणजे जास्त चांदी उतरेल’ ही समजूत मात्र काही सहस्रांश मोलर (लिटरमागे मोल) जादा क्लोराइडपर्यंतच खरी आहे. त्यापुढे एका चांदीला दोन क्लोराइड चिकटतात, एकूण प्रभार ऋण होतो आणि उतरलेली चांदी परत विरघळू लागते. मुठीमुठीनं मीठ ओतणारा माणूस आपली चांदी गटारात सोडत असतो.

चांदीला क्लोराइड असं चिकटतं, यातच तुमच्या फेरिक क्लोराइडचं उत्तर दडलंय. धातूचा आयन पाण्यात कधीच उघडा नसतो. त्याच्याभोवती जागा असतात आणि त्या जागांवर कोण बसेल, पाणी की क्लोराइड, याची स्पर्धा चालू असते. सोडियमला क्लोराइडची ओढ नाही, म्हणून तिथं ‘पूर्ण विचरण’ चालून जातं. फेरिक आयनाला आहे. विरल द्रावणात त्याच्याभोवती सहा पाणी असतात, पण संहत द्रावणात एक, दोन, त्याहून जास्त क्लोराइड त्याला धरून असतात. सांडपाण्यासाठी कॅनमधून जे गडद तपकिरी फेरिक क्लोराइड येतं, त्यात मोकळा फेरिक आयन शोधाल तर फारच थोडा सापडेल.

आणि आम्ल? तीन प्रभारांचा फेरिक आयन भोवतीच्या पाण्यातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे इतके ओढतो की त्या पाण्याचा हायड्रोजन सैल होऊन निसटतो. तुमच्या लिटमसला लाल करणारा हायड्रोजन क्षारातला नाहीच, पाण्यातला आहे. या जलयोजित आयनाचा पीकेए (आम्लाच्या तीव्रतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) सुमारे २.२ आहे, व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाचा ४.७६. म्हणजे लोखंडाचा हा आयन ॲसिटिक आम्लापेक्षा कितीतरी तीव्र. एक दशांश मोलर द्रावणाचा पीएच २ च्या खाली जातो. ॲल्युमिनियमचा पीकेए ५ च्या आसपास, कॅल्शियमचा साडेबाराच्या पुढे. म्हणून कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण तुम्हाला उदासीन दिसलं.

प्लेटिंगच्या सांडपाण्यात आम्ही फेरिक क्लोराइड घालतो ते याच गुणासाठी. चुन्यानं पीएच चढवला की फेरिक आयनाचे हायड्रोजन एकामागून एक सुटतात, फेरिक हायड्रॉक्साइडचे तपकिरी पुंजके तयार होतात आणि ते खाली बसताना बारीक गाळ आणि काही धातू ओढून नेतात. प्रत्येक लोखंडामागे तीन हायड्रोजन सुटतात, म्हणून चुना कमी पडला तर पीएच पुन्हा कोसळतो आणि पुंजके बसतच नाहीत. नवीन ऑपरेटरला मी आधी हेच शिकवतो.

पाण्यानं क्लोराइडची जागा घेतली की नाही, हे ओळखायची एक साधी युक्ती आहे: पाणी परत आटवून बघा. मिठाचं द्रावण आटवलं की मीठच मिळतं. सहा पाण्याचं ॲल्युमिनियम क्लोराइड तापवलं तर मात्र निर्जल क्लोराइड मिळत नाही. हायड्रोजन क्लोराइडचा धूर जातो आणि मागे ऑक्साइड उरतं. ॲल्युमिनियमनं पाण्यातला ऑक्सिजन धरून ठेवला आणि क्लोराइड सोडून दिलं. मॅग्नेशियमचंही बऱ्याच अंशी तसंच होतं. याच कारणानं निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइडवर कधीही पाणी ओतू नका. ते उसळतं आणि धूर थेट श्वासात जातो. प्रयोग करायचाच असेल तर धूर-कपाटात, चिमटीचिमटीनं आणि क्षार पाण्यात टाकून.

एका टोकाला सोडियम, तर दुसऱ्या टोकाला मर्क्युरिक क्लोराइड. ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, शंभर मिलिलिटरमध्ये सहासात ग्रॅम, पण द्रावणातून वीज फारच कमी वाहते. कारण ते विरघळतं पण सुटत नाही, पाण्यातही बहुतांशी पूर्ण रेणूच राहतो. विरघळणं आणि विचरण या दोन वेगळ्या घटना आहेत, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अर्हेनिअसनं १८८४ मध्ये प्रबंध लिहिला तोही विद्युतवाहकतेच्याच मोजणीवर उभा होता.

आणि आता एन्ट्रॉपीचा सगळ्यात आश्चर्याचा खेळ. कोबाल्ट क्लोराइडचं पाण्यातलं द्रावण गुलाबी असतं, कारण कोबाल्टभोवती सहा पाणी असतात. त्यात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घालून गरम केलं की ते गर्द निळं होतं: सहा पाणी गेलं, चार क्लोराइड बसले. बर्फात धरलं की परत गुलाबी. गरम केल्यावर क्लोराइड चिकटतं म्हणजे चिकटण्याची क्रिया उष्माग्राही आहे. ऊर्जा तिच्या विरुद्ध आहे, तरी ती घडते, कारण चार क्लोराइड अडकले तरी सहा पाणी मोकळं होतं आणि आयनांच्या प्रभारानं जखडलेलं भोवतालचं पाणीही सुटतं. म्हणजे इथं एन्ट्रॉपी सुटण्याच्या बाजूनं नाही, जोडण्याच्या बाजूनं आहे! कॅल्शियमच्या ऋण आकड्याचीच ही दुसरी बाजू. मोजताना पाण्याला वगळलंत तर दोन्ही गोष्टी अशक्य वाटतील. (कोबाल्टचे क्षार विषारी आहेत, हातमोजे घाला आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका.)

आतापर्यंतचं सगळं गणित समतोल कुठं आहे ते सांगतं. तिथं पोचायला किती वेळ लागेल ते सांगत नाही. रसायनशास्त्रज्ञ वेर्नरनं १८९३ मध्ये धातूंच्या संयुगांची नवी मांडणी केली, तिला मोठा आधार होता तो सिल्व्हर नायट्रेटनं किती क्लोराइड लगेच खाली येतं या मोजणीचा. जे मोकळं आहे ते लगेच उतरतं, जे धातूला धरून आहे ते मागे राहतं. तुमच्या प्रयोगशाळेत क्रोमिक क्लोराइडची हिरवी बाटली असेल तर हे स्वतः करून बघा. थोडा क्षार पाण्यात विरघळवून त्याच्या अर्ध्या द्रावणात लगेच, गार असतानाच, सिल्व्हर नायट्रेट घाला, आणि साका पटकन गाळून घ्या. एकूण क्लोराइडचा साधारण तिसरा हिस्साच उतरेल, कारण बाकीचे दोन क्रोमियमला चिकटलेले आहेत. उरलेलं अर्धं द्रावण झाकून आठवडाभर ठेवा. क्रोमियमभोवतीच्या जागा बदलायला दिवस लागतात, म्हणून रंग हळूहळू निळसर, पुढे जांभळट होत जाईल. मग त्यातही सिल्व्हर नायट्रेट घाला, दोन्ही साके वाळवून वजन करा, आणि दुसऱ्या वेळी किती जादा क्लोराइड सुटलं ते मला कळवा.